एकेचाळीस क्रमांकाचा पाहुणा

कुठेही न जाणाऱ्या जिन्याला तेवीस पायऱ्या आहेत. माझ्या बहिणीने पुस्तकात पंचवीस लिहिल्या होत्या. मी तीनदा मोजल्या, एकदा चढताना आणि दोनदा उतरताना, आणि पंचवीसवर काट मारून तेवीस केलं. घरी सांगितलं तर धाकटी म्हणाली, "ताई, पंचवीस कानाला बरं वाटतं गं." मी म्हटलं, लोक जिना कानाने चढत नाहीत. ती खळखळून हसली. संध्याकाळी तेच वाक्य तिने स्वतःचं म्हणून आईला ऐकवलं, आणि आईही पोट धरून हसली.

माझं काम हे असं आहे. आमच्या शहरात जराशी वेडीविद्री ठिकाणं पुष्कळ. एका न्हाव्याने दुकानाच्या माळ्यावर नऊशे कंगवे मांडून ठेवलेत. एका लाँड्रीत गेल्या तीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेल्या वस्तू बरण्यांत भरून फळीवर लावल्यात. बटणं, दाढा, अर्ध्या फाटलेल्या चिठ्ठ्या, आणि एका बरणीत नुसती वाळू. दोन इमारतींच्या फटीत बांधलेलं एक घर आहे, त्यात हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. अशा साठ ठिकाणांचं, खिशात मावेल असं पुस्तक आमच्या मालकांच्या छापखान्यातून दरवर्षी निघतं. थोडी पानं बाहेरचे लोक लिहितात, बाकी सगळं धाकटी लिहिते. मी तपासते.

लिहिणारीचं नाव मुखपृष्ठावर असतं. तपासणारीचं शेवटच्या पानावर, बांधणी कोणी केली त्याच्याही खालच्या ओळीत. धाकटी एखाद्या ठिकाणी दहा मिनिटं उभी राहते, तिथल्या माणसाशी गप्पा मारते, त्याचा चहा पिते, आणि घरी येऊन असं काही लिहिते की वाचणाऱ्याने हातातलं काम टाकून चपला पायात सरकवाव्यात. नंतर टेप आणि वही घेऊन मी जाते. मला पाहून न्हावी माझ्या मागे दाराबाहेर डोकावतो. "धाकट्या बाई नाही आल्या?" लाँड्रीवालाही तेच विचारतो. सात वर्षं विचारतायत. सुरुवातीला मी हसून उत्तर द्यायचे. आता देत नाही. मला राग येतो, आणि तो लपवत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

प्रत्येक ठिकाणाची एक पिवळी चिठ्ठी असते. उघडण्याची वेळ, सुट्टीचा वार, पायऱ्या, दाराची उंची, आणि सगळ्यात खाली सद्यस्थिती: सुरू, दुरुस्तीसाठी बंद, कायमचं बंद. तिन्हींपैकी एका चौकोनात खूण करायची आणि सही ठोकायची. मालकांचा एकच नियम आहे. स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेच भरायचं, ऐकीव काही नाही. "चिठ्ठीत आलं की ते आपल्यापुरतं खरं," असं ते म्हणतात. सात वर्षांत त्यांनी माझी एकही चिठ्ठी फिरवलेली नाही.

आता पाहुण्याबद्दल सांगते. अशी पुस्तकं चोरून छापणारे टपलेलेच असतात. म्हणून साठांतलं एक ठिकाण दरवर्षी खोटं घालतात. ते दुसऱ्या कोणाच्या पुस्तकात सापडलं की चोर हातात आला. छापखान्यात त्या खोट्या ठिकाणाला पाहुणा म्हणतात. पाहुणा कोणता, हे मालक आणि तपासनीस या दोघांनाच ठाऊक असतं. लिहिणाऱ्यांना सांगत नाहीत, कारण लिहिणाऱ्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पाहुणा नेहमी मालकच लिहायचे, आणि तो इतका रटाळ असायचा की चोरसुद्धा तेवढं पान गाळून पुढे जात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला म्हणाले, "या खेपेला तुम्हीच लिहा. शंभर शब्द. जास्त नको."

ते शंभर शब्द मी अकरा दिवस लिहीत होते. पाडून टाकलेल्या घरांच्या दारांवरच्या घंट्या कोणीतरी जमवून ठेवल्या आहेत, असं मी लिहिलं. एका अरुंद बोळात, चावीवाल्याचं दुकान आणि फोटोफ्रेमचं दुकान यांच्या मधे, एक दार. आत एकच लांब खोली. भिंतीवर ओळीने चाळीस बटणं, प्रत्येकाखाली त्या त्या घराची पाटी. बटण दाबलं की त्या घराची घंटी वाजते, आणि आता कोणीतरी दार उघडेल म्हणून माणूस नकळत थांबतो. एवढंच लिहिलं. सत्ताविसावी घंटी मी आमच्या लहानपणच्या घराची ठेवली, आधी दोनदा खाकरून मग वाजणारी. तिच्या पाटीवर नाव नाही, एवढंच पुस्तकात सांगितलं. ती माझ्यासाठी होती.

बोळ खरा होता. मी जाऊन पाहून आले होते. चावीवाला आणि फ्रेमवाला यांच्या मधे अकरा फूट पिवळट भिंत होती, खिडकी नाही, दार नाही. टेप लावून मोजली. पाहुण्याला पत्ता असाच लागतो, जिथे नक्की काही नाही असा.

पुस्तक छापून आलं. धाकटीने आधी स्वतःची पानं वाचली, मग बाकीची चाळता चाळता एकेचाळिसाव्या ठिकाणावर थांबली. मी भांडी पुसत होते.

"हे कोणी लिहिलंय गं?"

"बाहेरचं कोणीतरी," मी म्हटलं.

ती पुन्हा पहिल्यापासून वाचत गेली. माझ्या छातीत धडधडत होतं, लग्नाच्या वयाच्या मुलीसारखं, इतकी मी बावळट. मग तिने पान उलटलं. "बरं जमलंय. माझीच नक्कल आहे, पण बरी आहे."

मला हातातली बशी जमिनीवर आपटावीशी वाटली. मी ती पुसून जागेवर ठेवली.

पहिलं पत्र दीड महिन्याने आलं. वाचकांची पत्रं माझ्याच टेबलावर येतात, त्यांनी काढलेल्या चुका नोंदवून घ्यायला. हे एका निवृत्त शिक्षकांचं होतं. एकेचाळीस क्रमांकाचं ठिकाण फार आवडलं, फक्त नववी घंटी जरा जोरात दाबावी लागते, असं त्यांनी लिहिलं होतं. न जाताच जाऊन आल्याच्या गमजा मारणारे लोक मला नवे नव्हते. मी पत्र मालकांना दाखवलं. आम्ही दोघंही हसलो.

दुसरं पत्र एका नर्सचं. खोलीच्या टोकाला हिरवा पडदा आहे, त्याच्या मागे काय आहे ते पुस्तकात का दिलं नाही, असं तिने विचारलं होतं. तिसरं एका बेकरीवाल्याचं. त्याने पेन्सिलीने खोलीचा नकाशा काढून पाठवला होता. चाळीस टिंबं ओळीने, आणि टोकाला नागमोडी रेघ. रेघेखाली लिहिलं होतं, हिरवा पडदा.

मी पडद्याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी बोळात गेले. भिंत होती. अकरा फूट. चावीवाला एक कुलूप उघडून त्याचे तुकडे फडक्यावर मांडत बसला होता. त्याला विचारलं, इथे घंट्यांचं काही आहे का.

"आहे ना, हे शेजारीच," तो मान वर न करता म्हणाला. "दिवसभर टिंगटाँग, टिंगटाँग. डोकं उठतं."

"दार कुठे आहे?"

त्याने स्क्रू ड्रायव्हरने भिंतीकडे बोट केल्यासारखं केलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि जरा जास्त वेळ पाहिलं. "बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीवरून हात फिरवत गेले. भिंत उन्हाने तापलेली होती. तळहाताला चुना लागला. दुसरं काही लागलं नाही.

धाकटी गेली ती एका गुरुवारी, मला न सांगता. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की आईने काही न विचारता चहाचं आधण ठेवलं.

"ताई, ते एकेचाळीस तू तपासलंयस ना? मग मला बोलली कशी नाहीस, इतकं छान आहे म्हणून?"

"काय छान आहे त्यात?"

"सगळंच. आणि ती सत्ताविसावी वाजवलीस का? आपल्या घराची बेल आहे गं ती. खाकरायची नाही का आधी, तीच." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी किती वेळा दाबली माहितीये? वाटलं, आता आई पदराला हात पुसत येणार आणि ओरडणार."

"कुठली बेल गं?" आईने विचारलं, आणि मग दोघी त्या घराबद्दल बोलत बसल्या. मोरीच्या मोडक्या नळाबद्दल, शेजारच्या बहिऱ्या म्हाताऱ्याबद्दल. मी आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या. एकच टॉवेल चारदा घडी केला.

मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की माझ्या हातून उभ्या आयुष्यात एक गोष्ट झाली, आणि तिथेही ही माझ्या आधी पोचली.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर निघाले. दाराची उंची घ्यायची राहिली आहे, असं कारण सांगितलं. बोळात तीन वाजताचं ऊन होतं. फ्रेमवाल्याने आरशाच्या काचा बाहेर टेकवून ठेवल्या होत्या आणि त्यांत आम्ही दोघी तुकड्यातुकड्यांनी दिसत होतो. धाकटी माझा हात धरून चालत होती. भिंतीपाशी आलो तसा तिचा हात पुढे ओढला गेला, मी मागे राहिले, आणि माझ्या मुठीत काही उरलं नाही.

ती नव्हती. बोळात माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. चावीवाल्याच्या दुकानातून कानस घासल्याचा आवाज येत होता.

मी हाक मारली नाही. भिंतीला काय म्हणून हाक मारायची. तळवा टेकवून उभी राहिले. थोड्या वेळाने तळव्याखाली काहीतरी बारीक थरथरलं आणि थांबलं. मग पुन्हा थरथरलं. आवाज मुळीच नव्हता. मी मोजायला लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. सत्ताविसाव्या खेपेला थरथर दोनदा अडखळली आणि मग लागली.

चाळीस मिनिटांनी मागून माझ्या खांद्यावर हात पडला.

"चल, निघू या," धाकटी म्हणाली. तिच्या कपड्यांना बरेच दिवस न उघडलेल्या कपाटाचा वास येत होता. "तू मधेच बाहेर कधी आलीस? मी किती वेळ तुझ्याशी बोलत होते आत."

"मी काय म्हटलं?"

ती जराशी गोंधळली. "काही नाही. पडद्यापाशी उभी होतीस. पण तू तशीही कुठे बोलतेस."

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या खोलीत गेले. "एकेचाळीस आपला पाहुणा आहे," मी म्हटलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली हातात फिरवत बसले.

"ठाऊक आहे. मी परवा जाऊन आलो."

"मग?"

"तेविसावी माझ्या मावशीच्या घरची आहे."

खालच्या मजल्यावर मशीन चालू होतं, त्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास किणकिणत होता. मी म्हटलं, मला तिथे भिंत दिसते. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमच्यावर कामाचा भार जास्त झालाय," ते म्हणाले. मग घसा साफ करून, दुसरीकडे बघत, "नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तेच घ्यायचं ठरलंय. धाकट्या बाई नव्याने लिहितायत, चांगली आठ पानं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुमचे शंभर शब्द तसे कोरडेच होते."

मला वाईट वाटलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

त्यानंतर दर गुरुवारी ती जायची. बाकीचे दिवस खिडकीशी बसून लिहायची आणि आईला वाचून दाखवायची. मी लिहिलेलं एकेक वाक्य त्यात यायचं, अंघोळ घालून, नवे कपडे चढवून आलेलं, आणि आई म्हणायची, "किती गुणाची गं माझी पोर." माणूस नकळत थांबतो, हे माझं वाक्य होतं. तिने त्याचा परिच्छेद केला आणि तो माझ्यापेक्षा चांगला झाला. हे मला कळत होतं. न कळण्याइतकी मी मूर्ख असते तर सुखी झाले असते.

एकदा मी विचारलं, "त्या पडद्यामागे काय आहे?"

"अजून गेले नाही," धाकटी म्हणाली. "धीर होत नाही. कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. पण त्याशिवाय शेवट कसा लिहू? या गुरुवारी जाणारच."

तिला कधी कशाचा धीर झाला नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी ती अडीचला घरातून निघाली. मी छापखान्यात चिठ्ठ्या संपवत होते. साठांपैकी एकोणसाठ भरून झाल्या होत्या. एकेचाळिसावी कोरी होती. पाहुण्याची चिठ्ठी भरत नाहीत, ती फाडून टाकतात. पण आता त्याला पाहुणा तरी कोण म्हणणार होतं.

मी ती समोर ओढली. वेळेच्या जागी रेघ मारली. सुट्टीच्या जागी रेघ. पायऱ्या, रेघ. दाराची उंची, रेघ.

मग खालचे तीन चौकोन.

माझी बाजू मांडायची तर सरळ आहे. मला भिंत दिसली होती. डोळ्यांनी दिसेल तेच भरायचं, हा नियम. कोणत्याही प्रामाणिक तपासनिसाने दुसरं काही भरलं नसतं.

पण मी आधी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन वाजले होते. मग खूण केली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

कायमचं बंद. खाली सही.

संध्याकाळी धाकटी घरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलिसांत गेलो. कुठे जाते म्हणाली होती, असं त्यांनी विचारलं, आणि मी बोळाचा पत्ता दिला. एक पोलीस माझ्याबरोबर आला. चावीवाला आमच्याकडे बघत राहिला. "कसल्या घंट्या, साहेब? दुकान टाकलं तेव्हापासून इथे नुसती भिंत आहे." तो खोटं बोलत नव्हता, त्याचा चेहराच सांगत होता. मालकांना विचारलं तर ते डोळे चोळत म्हणाले, की ते ठिकाण तर केव्हाच बंद झालं, तपासणीत तशी नोंद आहे. पुढे मी त्यांना मावशीच्या घराची आठवण करून दिली. मावशी होती, ते म्हणाले, पण तिच्या दाराला कडी असायची. बेल कधीच नव्हती.

पोलिसाने काठीने भिंत दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिली, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी काही बोलले नाही. त्याची काठी दारावर वाजत होती.

राखाडी रंगाचं दार. खाली पोपडे धरलेले. कडीला कुलूप, कुलपाला गंज, बरीच वर्षं कोणी हात न लावल्यासारखा. डोळ्यांच्या पातळीवर पत्र्याची पाटी, तिच्यावर दोन शब्द, छापील. मी खूण केली होती तेच.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले. सव्वातीनला आतून पहिली घंटी वाजली.

आता आवाज येत होता. एकेक करून, क्रमाने. नववी दोनदा हुकली आणि तिसऱ्यांदा लागली, जोर करून दाबल्यासारखी. सत्ताविसावी खाकरली आणि वाजली. पुन्हा वाजली. थांबून थांबून दहा-बारा वेळा वाजली, आत माणूस आहे हे पक्कं माहीत असल्यावर वाजवतात तशी. मग पुढच्या. पूर्ण चाळीस झाल्या. मी दारासमोर उभी होते, हातभर अंतरावर. चावीवाल्याने मला स्टूल आणून दिलं. त्याला वाटलं असेल, बिचारी बहिणीच्या आठवणीने येते.

त्याला सांगितलं असतं तर त्याने कुलूप दोन मिनिटांत काढलं असतं. पण त्याला कुलूप दिसत नाही.

चिठ्ठी मात्र बदलता येते. कोरी पिवळी चिठ्ठी माझ्या खणात आहे. पहिल्या चौकोनात एक खूण, खाली सही. मालक माझी चिठ्ठी फिरवत नाहीत. मी ती दोनदा बाहेर काढली. दुसऱ्यांदा पेनाचं टोपणही काढलं. शाई निबेवर आली होती.

मग डोळ्यांसमोर आलं, सगळे पुन्हा येतील. शिक्षक येतील, नर्स येईल. त्यांना दार दिसेल आणि मला भिंत. धाकटी बाहेर येईल, तिला सगळ्यात भारी शेवट सापडलेला असेल, आणि आई तिच्यासाठी चहा ठेवेल.

मी टोपण लावलं.

आई आता माझ्याशी बोलते. दुसरं आहे कोण. दिवसभर रडते, पण संध्याकाळी मी काही गमतीचं सांगितलं तर हसतेसुद्धा, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवते. नव्या आवृत्तीची पानं मीच लिहितेय. न्हाव्याने परवा मला खुर्ची पुसून दिली आणि चहा मागवला. मागे डोकावून पाहिलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी अडतीस वाजल्या. तिसऱ्या गुरुवारी एकतीस, मधे बराच वेळ शांतता. चौथ्यांदा सत्ताविसावीपर्यंत पोचल्याच नाहीत. मी सगळं वहीत टिपून ठेवते, तारीख, आकडा, वेळ. पाचव्या गुरुवारी अकरा झाल्यावर पडदा सरकवल्यासारखा, कड्या दांडीवरून घसरल्याचा आवाज आला, आणि मग कोणीतरी दाराच्या अगदी आतल्या बाजूला टेकून उभं राहिल्यासारखं दार किंचित करकरलं. "ताई," असं कोणी म्हणालं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. मी स्टूल थोडं मागे घेतलं.

परवा आवृत्ती छपाईला जाईल. तोवर चिठ्ठी बदलायला वेळ आहे.

काल फक्त तीन घंट्या वाजल्या. तिसरी अर्धवट. आईने येताना दूध आणायला सांगितलं होतं, म्हणून मी पुढे थांबले नाही.